घटक ४ : अर्थविषयक तुलनात्मक लेखन – समभाग निर्देशांक फंड आणि रोखे निर्देशांक फंड

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस दोन आर्थिक साधनांची तुलना मराठीत नेमकेपणाने मांडता यावी; ‘जोखीम’, ‘सुरक्षित’, ‘परतावा’ यांसारखे शब्द वापरताना वाक्यात काय अध्याहृत राहते ते ओळखता यावे; तसेच समभाग निर्देशांक फंड आणि रोखे निर्देशांक फंड यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगता यावा, अशी अपेक्षा आहे.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण वृत्तपत्रांतील अर्थवृत्तांची भाषा पाहिली. आता तुलनात्मक लेखनाकडे वळावयाचे आहे. त्यासाठी निवडलेला विषय मराठीच्या विद्यार्थ्याला प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु आपणांपैकी बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणारे, संसारी आहेत. भविष्यनिर्वाह निधी, मुलांचे शिक्षण, निवृत्तीनंतरची तरतूद या गोष्टींपासून आपली सुटका नाही. त्यांविषयी लिहिलेली मराठी नीट वाचता येणे हा भाषेच्या अभ्यासाचाच भाग होय.

२०२२ च्या उन्हाळ्यातील एका संपर्कसत्राची हकीकत येथे सांगणे उपयुक्त ठरेल. ‘गुंतवणुकीच्या दोन प्रकारांची तुलना करा’ या स्वाध्यायात एका विद्यार्थ्याने (गृहस्थ पन्नाशीचे, व्यवसायाने लिपिक) असे वाक्य लिहिले होते : ‘समभागांत जोखीम असते, रोखे सुरक्षित असतात.’ मी समासात ‘कशापासून?’ एवढेच लिहून वही परत केली. माझा हेतू केवळ वाक्यरचनेकडे लक्ष वेधण्याचा होता. पुढच्या सत्राला ते वहीबरोबर आपल्या फंडाचे खातेपत्रकही घेऊन आले. दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात त्यांनी जानेवारीत एक लाख रुपये घातले होते. जूनमध्ये पत्रकावर शहाण्णव हजारांच्या आसपासचा आकडा होता. मुलीच्या अभ्यासक्रमाचे शुल्क ऑगस्टमध्ये भरावयाचे होते. त्यांनी विचारले, ‘‘सर, कोणी बुडाले नाही, सरकारने व्याज थकवले नाही. मग माझे चार हजार गेले कुठे?’’

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच वाक्यात गाळलेल्या जागेत होते. वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी आवश्यक असतात, हे आपण पहिल्या वर्षी अभ्यासले आहे. ‘आणतो’ म्हटले की ‘काय?’ ही आकांक्षा उत्पन्न होते आणि ती पुरी झाल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. ‘सुरक्षित’ या विशेषणालाही आकांक्षा आहे : कशापासून? केव्हापर्यंत? कोणासाठी? ‘जोखीम’ या नामाचेही तेच. कशाची जोखीम, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीच्या शेवटी अतिवेगाने वाचले जाणारे ‘बाजारातील जोखमींच्या अधीन’ हे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत. ते समभागांच्या फंडालाही चिकटवलेले असतात आणि रोख्यांच्या फंडालाही. शब्द तेच, परंतु दोन्हीकडे त्यांचा अर्थ एक नाही. तो कसा वेगळा पडतो, हे या घटकात पाहावयाचे आहे.

(‘फंड’ हा शब्द येथे तसाच ठेवला आहे. ‘निधी’ हा पर्याय आहेच, पण मराठी माणसाच्या कानाला ‘निधी’ म्हटले की मदतनिधी किंवा भविष्यनिर्वाह निधी ऐकू येतो. पारिभाषिक शब्द शुद्ध असण्यापेक्षा असंदिग्ध असणे अधिक महत्त्वाचे, असे माझे मत आहे.)

४.२ दोन्हीकडचा ‘निर्देशांक’

निर्देशांक म्हणजे पुष्कळ वस्तूंच्या किमतींचा एका संख्येत केलेला निर्देश. निफ्टी ५० हा राष्ट्रीय शेअर बाजारातील पन्नास मोठ्या कंपन्यांच्या समभागांचा निर्देशांक आहे. ३ नोव्हेंबर १९९५ ही त्याची आधारतिथी असून त्या दिवसाचे मूल्य १,००० धरले आहे. या पन्नासांत सर्वांचे वजन समान नाही. प्रवर्तकांकडील भाग वगळून जेवढे समभाग बाजारात प्रत्यक्ष खरेदी-विक्रीस उपलब्ध असतात, त्यांच्या बाजारमूल्यानुसार वजन ठरते. कंपनीचा भाव वाढला की तिचे वजन आपोआप वाढते, घसरला की घटते. यादीतही बदल होत असतात. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीच्या हिशेबांतील लबाडी उघड झाली, तेव्हा काही दिवसांतच ती निफ्टीतून वगळण्यात आली.

निर्देशांक फंड या यादीची नक्कल करतो. कोणता समभाग चांगला, कोणता वाईट, याविषयी तो मत बाळगत नाही. यादीत जे ज्या प्रमाणात आहे ते त्या प्रमाणात घेतो. सामान्य गुंतवणूकदारासाठी असा फंड अमेरिकेत जॉन बोगल यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये सुरू केला. पंधरा कोटी डॉलर जमावेत ही अपेक्षा होती. सव्वा कोटीही जमले नाहीत. या प्रयोगाला ‘बोगल यांचा वेडेपणा’ म्हणून हिणवले गेले. आज जगभर याच पद्धतीने अफाट रक्कम गुंतवली जाते. याचे मुख्य कारण खर्च. निवड करणाऱ्या तज्ज्ञाचे मोल द्यावे लागत नाही, म्हणून फंडाचा वार्षिक खर्च कमी राहतो.

बोगल यांच्याच व्हॅनगार्ड संस्थेने १९८६ मध्ये रोख्यांचाही निर्देशांक फंड आणला. येथे मात्र नक्कल करणे इतके सरळ नव्हते. एका कंपनीचा समभाग सहसा एकाच प्रकारचा असतो, परंतु रोखे पुष्कळ असतात : वेगवेगळ्या तारखांचे, वेगवेगळ्या व्याजाचे. अमेरिकेच्या प्रमुख रोखे निर्देशांकात आज दहा हजारांहून अधिक रोखे आहेत आणि त्यांतील कित्येक दिवसेंदिवस विकलेच जात नाहीत. सर्व रोखे घेणे अशक्य, म्हणून फंड प्रातिनिधिक नमुना घेतो. शितावरून भाताची परीक्षा व्हावी तसा हा प्रकार आहे.

वजनाची रीत पाहिली तर आणखी मोठा भेद दिसतो. समभाग निर्देशांकात ज्या कंपनीचे बाजाराने केलेले मोल अधिक, तिचे वजन अधिक. रोखे निर्देशांकात परंपरेने ज्याच्या रोख्यांची बाजारातील एकूण रक्कम अधिक, त्याचे वजन अधिक. म्हणजे ज्याने अधिक कर्ज उचलले तो यादीत वर. गावातल्या सावकाराने सर्वांत मोठ्या कर्जदारालाच सर्वांत जास्त उधारी द्यावी, असा हा न्याय आहे. कर्जदार सरकार असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. खासगी कंपन्यांच्या रोख्यांबाबत मात्र ही रीत डोळसपणे पाहावी लागते, आणि म्हणून काही निर्देशांक एका कर्जदाराच्या वजनावर मर्यादा घालतात. ‘निर्देशांक’ या एका शब्दाखाली दोन भिन्न मोजमापे कशी नांदतात, त्याचे हे उदाहरण.

४.३ मालक आणि धनको

समभाग घेणारा कंपनीच्या मालकीत वाटेकरी होतो. कंपनी त्याला लाभांश देईल किंवा देणार नाही. त्याचे पैसे अमुक तारखेला परत करीन, असे तिने कधीही म्हटलेले नसते. बाहेर पडावयाचे तर दुसरा ग्राहक शोधावा लागतो आणि तो जो भाव देईल तो घ्यावा लागतो. रोखा घेणारा धनको असतो. इतके व्याज, अमुक तारखांना. मुद्दल, अमुक तारखेला : हे लेखी वचन म्हणजेच रोखा. (‘रोखा’ आणि ‘रोख’ या शब्दांच्या ध्वनिसाम्यामुळे पुष्कळांना रोखा म्हणजे जवळजवळ रोकडच असे वाटते. उत्तरपत्रिकांत ही गफलत मी अनेकदा पाहिली आहे.) कंपनी बुडाली तर उरलेल्या मालमत्तेवर आधी धनकोंचा हक्क आणि सर्वांत शेवटी भागधारकांचा.

वचन मोडलेही जाते. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने देणी थकवली. त्याच्या थोडेच आधीपर्यंत तिला सर्वोच्च पतमानांकन होते. ही झाली पतजोखीम, म्हणजे कर्जदाराने पैसे न देण्याची शक्यता. ‘रोखे सुरक्षित’ म्हणणाऱ्याच्या मनात सहसा एवढीच जोखीम असते. सरकारी रोख्यांत ती नगण्य असते, म्हणून वाक्य खरे वाटते.

आता ‘परतावा’ हा शब्द पाहा. परतावा म्हणजे परत येणारे. रोख्याच्या बाबतीत तो यथार्थ आहे. दिलेले परत येते, वर व्याज येते. समभागाच्या बाबतीत मात्र तो लक्षणेने वापरलेला शब्द आहे, कारण तेथे कोणी काही परत करीत नाही. नफ्यातील वाटा आणि दुसऱ्याने दिलेला भाव, एवढेच हाती येते. ‘या समभाग फंडाचा परतावा बारा टक्के आहे’ हे वाक्य वर्तमानकाळात लिहिणे म्हणूनच सदोष आहे. ‘गेल्या दहा वर्षांत होता’ असे भूतकाळात आणि मुदतीसह लिहिले पाहिजे. आणखी एक तपशील : वृत्तपत्रात रोज छापला जाणारा निफ्टीचा आकडा केवळ भावांचा असतो, लाभांश त्यात धरलेला नसतो. लाभांश धरून काढलेला आकडा वेगळा, ‘एकूण परतावा निर्देशांक’. फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनी आपली तुलना या दुसऱ्या आकड्याशी करावी, असे सेबीने बंधनकारक केले. त्याआधीच्या जाहिरातींतील तुलना वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आपली प्रगती तपासा : पुढील वाक्यातील दोष सांगा. ‘सदर रोखे फंड वर्षाला सात टक्के व्याज देतो, त्यामुळे त्यात तोटा संभवत नाही.’ (उत्तर पुढील विभाग वाचल्यावर ताडून पाहावे.)

४.४ चार हजार कुठे गेले?

एक रोखा घेऊ. दर्शनी किंमत १,००० रुपये, व्याज ७ टक्के, मुदत १० वर्षे. दरवर्षी ७० रुपये मिळणार, दहाव्या वर्षाअखेरीस १,००० परत. आज हा रोखा आपण घेतला आणि उद्या बाजारातील व्याजदर ८ टक्के झाला. आता तितक्याच भरवशाचा नवा रोखा वर्षाला ८० रुपये देतो. आपला ७० रुपयांचा रोखा कोणी १,००० रुपयांना का घ्यावा? घेणार नाही. किंमत उतरवून दिली तरच घेईल. किती? पुढील दहा वर्षांच्या सर्व हप्त्यांचे ८ टक्क्यांनी आजचे मूल्य काढले तर उत्तर सुमारे ९३३ रुपये येते. उलट व्याजदर ६ टक्क्यांवर आला तर त्याच रोख्याला सुमारे १,०७४ रुपये मिळतील. व्याजदर आणि रोख्याची किंमत ही तराजूची दोन पारडी आहेत. एक वर गेले की दुसरे खाली.

मुदतीचा प्रभाव पाहा. तोच ७ टक्क्यांचा रोखा, पण मुदत एकच वर्ष उरलेली असेल, तर दर ८ टक्के झाल्यावर किंमत ९९१ च्या आसपास राहील. मुदत तीस वर्षांची असेल तर ती ८८७ पर्यंत उतरेल. कर्जदार तोच, वचन तेच, त्याच्या प्रामाणिकपणात तसूभर फरक नाही. तरी घसरण एका टक्क्यापासून अकरा टक्क्यांपर्यंत. यालाच व्याजदर जोखीम म्हणतात.

तिच्या मापाला ‘ड्युरेशन’ म्हणतात. मराठीत ‘भारित सरासरी मुदत’ असा शब्द सुचवता येईल, पण फंडाच्या पत्रकावर ‘ड्युरेशन’ हेच आढळेल. सोयीचा नियम असा : ड्युरेशन सात वर्षे असेल तर व्याजदर एका टक्क्याने वाढल्यास फंडाचे मूल्य सुमारे सात टक्क्यांनी घटते. याच आकड्याचा दुसरा उपयोग कमी लोकांना ठाऊक असतो. दर वाढल्यावर किंमत पडते हे खरे, पण त्यानंतर येणारे व्याज चढ्या दराने पुन्हा गुंतवले जाते. साधारण ड्युरेशनइतका काळ थांबणाऱ्याच्या बाबतीत तोटा आणि लाभ यांची बव्हंशी फिटंफाट होते.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे येऊ. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. वर्षाअखेरीस तो ६.२५ टक्क्यांवर पोहोचला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा बाजारातील दर त्याआधीपासूनच चढू लागला होता आणि जानेवारी ते जून या काळात तो सुमारे एक टक्क्याने वाढला. फंडाचे ड्युरेशन सात वर्षांच्या आसपास, म्हणजे किंमत साधारण सात टक्क्यांनी खाली. मधल्या काळात जमलेले व्याज सुमारे तीन टक्के. वजाबाकी केली की चार टक्के. ते चार हजार कोणी नेले नव्हते. पुढील वर्षांत मिळावयाचे तेच हप्ते बाजार आता कमी भावाने घेत होता, एवढेच. फंडाच्या घड्याळात सात वर्षे होती आणि शुल्काच्या मुदतीला सात महिने. चूक रोखे निवडण्यात झाली नव्हती. ‘केव्हापर्यंत’ हा शब्द वाक्यातून गळला होता. सात महिन्यांनी लागणाऱ्या पैशासाठी बँकेची अल्पमुदतीची ठेवच योग्य होती. या घटकात ज्या दोन फंडांची तुलना आपण करीत आहोत, त्यांपैकी एकही नाही.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा. एकट्या रोख्याला अंत असतो : मुदत संपली की मुद्दल परत, किंमत मधल्या काळात कितीही हेलकावली तरी. नेहमीच्या रोखे निर्देशांक फंडाला अंत नसतो. रोख्याची मुदत सरत आली की तो यादीतून जातो, नवा येतो आणि सरासरी मुदत जवळपास तशीच राहते. व्याकरणाच्या भाषेत, रोखा ही पूर्ण होणारी क्रिया आहे, तर असा फंड ही सतत चालू राहणारी. भारतात यावर एक मार्ग निघाला आहे तो ठरावीक मुदतीच्या निर्देशांक फंडांचा. डिसेंबर २०१९ मध्ये आलेला भारत बाँड ईटीएफ हे त्याचे ठळक उदाहरण. सार्वजनिक क्षेत्रातील सर्वोच्च पतमानांकनाच्या कंपन्यांचे रोखे त्यात असतात. पहिल्या दोन मालिकांपैकी एकीची मुदत एप्रिल २०२३ मध्ये संपली. दुसरीची एप्रिल २०३० मध्ये संपावयाची आहे. हमी तेथेही नाही, पण शेवटपर्यंत थांबणाऱ्याला साधारण किती मिळेल याचा अंदाज आरंभीच बांधता येतो.

४.५ समभागांची पडझड आणि टक्क्यांची भाषा

समभागांच्या बाबतीत असे घड्याळच नाही. ८ जानेवारी २००८ रोजी निफ्टी ६,२८७ वर बंद झाला; २७ ऑक्टोबर २००८ रोजी तो २,५२४ वर होता. घसरण साठ टक्के. येथे विद्यार्थी हमखास चुकतात : साठ टक्के पडलेले साठ टक्के चढून भरून निघत नाही, कारण आधारसंख्या बदललेली असते. १०० चे ४० झाले तर पुन्हा १०० होण्यासाठी दीडशे टक्के वाढ लागते. २०१० च्या दिवाळीत निफ्टीने जुनी पातळी क्षणभर ओलांडली. तिच्यावर स्थिर होण्यासाठी २०१४ उजाडावे लागले. मधल्या सहा वर्षांत ज्याचे निवृत्तीचे वर्ष आले, त्याला ‘दीर्घकाळात बाजार वाढतोच’ हे वाक्य काय कामाचे? त्या वाक्यातील ‘दीर्घकाळ’ किती, हे कोणीच लिहिलेले नव्हते.

उलट २०२० पाहा. १४ जानेवारीला १२,३६२, २३ मार्चला ७,६१०, वर्षाच्या शेवटच्या दिवशी १३,९८१. सव्वादोन महिन्यांत अडतीस टक्के पडलेला निर्देशांक वर्षअखेर नव्या उंचीवर होता. आधीची पडझड भरून यायला सहा वर्षे, ही काही महिन्यांत. आणि दोन्ही वेळा हे आगाऊ कोणाला कळण्याजोगे नव्हते. समभागांची जोखीम म्हणजे केवळ घसरणीचे प्रमाण नव्हे. सावरण्याची तारीख कोणी लिहून दिलेली नसणे, ही ती जोखीम. रोख्यात तारीख लिहिलेली असते, आणि दोन्ही फंडांतील मूळ भेद मला येथेच दिसतो.

तरीही तीच घसरण सर्वांना सारखी नसते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त होऊन युनिट विकणाऱ्यासाठी ते संकट होते. दरमहा दोन हजार रुपये घालणाऱ्या तिशीतील शिक्षिकेसाठी ती स्वस्ताई होती, तिला त्याच पैशात अधिक युनिट मिळाली. रोख्यांतही व्याजदर वाढले की विकणारा रडतो आणि नवे घेणारा सुखावतो. ‘कोणासाठी’ ही आकांक्षा म्हणून उरतेच.

४.६ महागाई, कर आणि खर्च

रोख्याचे वचन रुपयांतील आहे. रुपयांत काय येईल याविषयी ते काही बोलत नाही. महागाई सरासरी ६ टक्के राहिली तर दहा वर्षांनी परत मिळालेल्या १,००० रुपयांत आजच्या ५५८ रुपयांचाच बाजार होईल. महागाई ४ टक्क्यांवर राखावी, दोन टक्के खाली-वर चालेल, असे उद्दिष्ट रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून कायद्याने नेमून दिले आहे. म्हणजे सहा टक्के ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. कंपन्यांना निदान आपल्या मालाचे भाव वाढवता येतात, त्यामुळे दीर्घ पल्ल्यात समभाग महागाईला अधिक चांगले तोंड देऊ शकतात. अपघातापासून कोण सुरक्षित, या प्रश्नाला रोखे हे उत्तर असेल. झिजेपासून कोण सुरक्षित, याचे उत्तर वेगळे येते.

कराचाही विचार हवा. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या रोखे फंडांवरील नफा, फंड कितीही वर्षे ठेवला तरी, उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र आहे. समभाग फंड बारा महिन्यांहून अधिक ठेवल्यास वर्षाला सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर साडेबारा टक्के, असा नियम २३ जुलै २०२४ पासून आहे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीला रोख्यांचे ७ टक्के हाती येताना, उपकर सोडूनही, ४.९ उरतात. करकायदे बदलतात, म्हणून अशा मजकुरात तारीख लिहिण्याची सवय ठेवावी.

खर्चाचे एकच सांगतो. वार्षिक एक टक्का खर्च हा समभाग फंडात आणि रोखे फंडात ‘सारखा’ नसतो. सात टक्के मिळकतीतून एक टक्का गेला म्हणजे सातवा हिस्सा गेला. रोखे फंड निवडताना खर्चाकडे अधिक कठोरपणे पाहावे ते यासाठी.

दोन्ही एकत्र ठेवावेत, एक पडले तर दुसरे सावरते, असा सल्ला सर्रास दिला जातो. २००८ मध्ये अमेरिकेत तसे घडले : लाभांशासह एस अँड पी ५०० सदतीस टक्के पडला, प्रमुख रोखे निर्देशांक पाच टक्के वाढला. २०२२ मध्ये मात्र व्याजदर शून्याजवळून साडेचार टक्क्यांपर्यंत चढले आणि दोन्ही एकदम पडले, समभाग अठरा टक्के, रोखे तेरा. सल्ला वाईट नव्हे. मीही तो देईन. परंतु ‘सावरते’ या क्रियापदाऐवजी ‘पुष्कळदा सावरते’ लिहावे. दोघांच्या घसरणीतील प्रमाणभेद पाहिला तरी मिश्रणाचे प्रयोजन कळते : तेरा टक्क्यांची घसरण रोख्यांच्या इतिहासात अत्यंत वाईट ठरली, समभागांच्या इतिहासात तिची नोंदही ठळक अक्षरांत होत नाही.

आपणांपैकी ज्यांच्या वेतनातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, ते नकळत दोन्ही भूमिकांत आहेत. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून नव्या ठेवींचा पाच टक्के भाग सेन्सेक्स व निफ्टीच्या निर्देशांकांमागे चालणाऱ्या ईटीएफमध्ये घालण्यास आरंभ केला. पुढे हे प्रमाण पंधरा टक्क्यांवर गेले. उरलेला बहुतांश भाग सरकारी व इतर रोख्यांत असतो. त्यामुळे स्वतःच्या बचतीची तुलना मांडताना हा हिस्सा आधी मोजावा.

४.७ वाक्य पूर्ण कसे करावे

आरंभीचे वाक्य पुन्हा घेऊ : ‘समभागांत जोखीम असते, रोखे सुरक्षित असतात.’ त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या खेपेस लिहिलेले वाक्य असे होते : ‘ज्याला एप्रिल २०३० मध्ये पैसे लागणार आहेत, त्याच्यासाठी त्याच महिन्यात मुदत संपणारा उत्तम पतमानांकनाचा रोखे निर्देशांक फंड व्याजदरांच्या चढउतारांपासून बराचसा सुरक्षित आहे, महागाईपासून नाही. ज्याला वीस वर्षे पैसे लागणार नाहीत आणि मध्येच निम्मे मूल्य गेलेले पाहूनही जो विकणार नाही, त्याला समभाग निर्देशांक फंडातील जोखीम पेलण्याजोगी आहे.’ वाक्य लांबले, शैलीच्या दृष्टीने थोडे अवघडलेही आहे. मी त्याला पूर्ण गुण दिले. ‘पाहूनही’ या शब्दाखाली मात्र रेघ मारली, कारण आपण विकणार नाही हे पडझड पाहण्यापूर्वी कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांतील अध्याहृत शब्द शोधून ती पूर्ण करा : (अ) ‘निर्देशांक फंड स्वस्त असतो.’ (आ) ‘रोखे फंडात मुद्दल सुरक्षित राहते.’ (इ) ‘दीर्घकाळात समभागच श्रेष्ठ.’

२. एखाद्या मराठी दैनिकातील अर्थविषयक पानावरून ‘परतावा’ हा शब्द आलेली पाच वाक्ये जमवा. प्रत्येकात तो वाच्यार्थाने आला आहे की लक्षणेने, हे सांगा.

३. ड्युरेशन चार वर्षे असलेल्या रोखे निर्देशांक फंडात ५०,००० रुपये आहेत. व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढल्यास मूल्यात साधारण किती घट होईल? हे उत्तर आकडा न वाचता येणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीस समजेल अशा चार-पाच वाक्यांत लिहा.

४. प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने ऑगस्टमध्ये फंड विकला नाही. चार हजारांचा तोटा ‘पदरात घ्यायचा नाही’ म्हणून त्याने शुल्कासाठी आपल्या पतपेढीतून बारा टक्के दराने कर्ज काढले. ‘पदरात घेणे’ या वाक्प्रचाराने त्याच्या निर्णयावर कोणता परिणाम केला असावा? तोटा न विकल्यामुळे टळला का? सुमारे ३०० शब्दांत विवेचन करा.